दार न वाजवता: रारामुरींच्या वस्तीतला एक शेतीहंगाम

उत्तर मेक्सिकोच्या डोंगरांत राहणाऱ्या रारामुरी आदिवासींच्या घराचं दार वाजवायचं नसतं. घरापासून थोड्या अंतरावर, आतल्या माणसांना आपण दिसू अशा जागी, खाली बसायचं आणि थांबायचं. घराकडे टक लावून बघायचं नाही. नजर शेताकडे किंवा दरीकडे ठेवायची. आतल्या बाईने आपल्याला पाहिलेलं असतंच. हातातलं दळण उरकलं की ती बाहेर येते, नाहीतर एखादं पोर पाठवते. कधी यात अर्धा तास जातो, कधी त्याहून जास्त. कोणीच आलं नाही, तर आज भेट नाही असं समजून उठायचं आणि चालू लागायचं. त्यात कोणाचा अपमान नसतो.

सामाचिके भागातल्या एका रारामुरी शिक्षकांनी मला हे पहिल्याच भेटीत सांगितलं, आणि सोबत एवढंच म्हणाले, की बाकीचं सगळं यातूनच शिकाल. तेव्हा हा नुसता पाहुण्यांसाठीचा शिष्टाचार वाटला होता. पुढे त्या डोंगरात पेरणीपासून सुगीपर्यंत राहिले आणि कळत गेलं, की या लोकांचं सगळं जगणंच त्या अंतरावर उभं आहे. समोरच्याच्या आयुष्यात किती शिरायचं, ते समोरचा ठरवणार.

मी तिथे गेले ती मक्यासाठी. राहुरीला कृषीचं शिक्षण झाल्यावर काही काळ अकोले तालुक्यात गावरान बियाणं सांभाळणाऱ्या बायकांबरोबर काम केलं होतं. राहीबाई पोपेरे यांना 2020 ची पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा हा विषय महाराष्ट्रात घरोघरी पोचला. त्याच्या आधीपासून या बायकांच्या घरातली गाडगी-मडकी आणि त्यातलं राखेत घोळलेलं बी मी पाहत आले होते. मग संशोधनासाठी मेक्सिकोत जायची संधी आली. मका हे पीकच तिथलं. सुमारे 9,000 वर्षांपूर्वी दक्षिण मेक्सिकोतल्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात तेओसिन्ते नावाच्या रानगवतापासून माणसाने तो घडवला. तिथून तो उत्तरेला चिवावा राज्यातल्या डोंगरांत पोचला आणि थंडी, पातळ माती आणि लहरी पाऊस यांच्याशी जुळवून घेत त्याचे वेगळे वाण झाले: गुलाबीसर दाण्यांचा आपाचितो, निळा आसूल, मऊ पिठाचा गोर्दो, काचेसारख्या टणक दाण्यांचा क्रिस्तालिनो. हे वाण आजही जित्याजागत्या शेतात टिकले आहेत, कारण रारामुरी ते दरवर्षी पेरतात. बाहेरचे लोक त्यांना ताराउमारा म्हणतात. 2020 च्या जनगणनेत त्यांची भाषा बोलणारे सुमारे 90 हजार लोक नोंदले गेले.

प्रदेश कसा आहे ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. पश्चिम सिएरा माद्रेचं हे पठार नद्यांनी इतकं खोल कापलंय, की उरिके नदीची दरी सुमारे 1,880 मीटर खोल आहे. वर, दोन हजार मीटरच्या पुढे, पाईन आणि ओकचं जंगल. हिवाळ्यात बर्फ पडतं, रात्री बादलीतलं पाणी गोठतं. खाली नदीकाठी निवडुंग, संत्री आणि आंबा. बातोपिलासच्या बाजारात आंबे पाहिले तेव्हा मला भरून आलं होतं. पाईनच्या सावलीतून सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी आंब्याखाली पोचतो, आणि त्याला स्वेटर मध्येच कुठेतरी काढून पाठीवर बांधावा लागतो. लोस मोचिस ते चिवावा ही रेल्वे 1961 मध्ये पुरी झाली, 86 बोगदे आणि 37 पूल बांधून. ती फक्त दऱ्यांच्या काठाकाठाने जाते. क्रीलला उतरायचं, तिथून ग्वाचोचीच्या रस्त्याने बस, मग बातोपिलासच्या फाट्यावर कोणाच्या तरी पिकअपच्या हौद्यात, आणि उरलेलं पायी.

वस्ती म्हणावी तर ती वस्तीही नाही. एका सपाट तुकड्यावर दोन-तीन घरं, पुढचं घर घळीपलीकडे, त्याच्या पुढचं आणखी तासाभरावर. जिथे नांगर फिरेल एवढी माती आहे तिथे माणूस राहतो. त्यामुळे गावासारखा एकत्र वावर नसतोच. लोक भेटतात ते रविवारी देवळापाशी.

माझी परवानगीही तिथेच ठरली. प्रत्येक रारामुरी समुदायाचा एक सिरिआमे असतो, लोकांनी निवडलेला म्होरक्या. त्याच्या हातात अधिकाराची काठी असते. रविवारी प्रार्थना झाली की तो सगळ्यांसमोर उभा राहून बोलतो: भांडू नका, एकमेकांना मदत करा, ओनोरुआमेने, म्हणजे वडील असलेल्या देवाने, आपल्याला जसं चालायला सांगितलं तसं चाला. आवाज चढवायचा नाही, हातवारे नाहीत. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. माझ्याबद्दल शिक्षकांनी बोलणं मांडलं. कोणी प्रश्न विचारले, ते त्यांनी मला स्पॅनिशमध्ये सांगितले. ही किती दिवस राहणार? काय खाणार? लिहून काय करणार? झाडं मोजणाऱ्या लोकांपैकी आहे का? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा होता, हे नंतर समजलं. त्या दिवशी निर्णय झाला नाही. पुढच्या रविवारी झाला. एका विधवा म्हातारीच्या घरी जागा होती, तिची मुलगी आणि जावई शेजारच्याच घरात राहत होते. मी तिथे राहावं, कामाला हात लावावा आणि बाहेरच्या कोणाला सोबत आणू नये, असं ठरलं.

म्हातारीला स्पॅनिश येत नव्हतं. मला रारामुरीतले ‘क्विरा बा’ आणि ‘मातेतेरा बा’, म्हणजे नमस्कार आणि आभार, एवढेच शब्द येत होते. नमस्कार करताना ते हात दाबत नाहीत. बोटांची टोकं एकमेकांना लागतात न लागतात तोच सुटतात. आमचं बोलणं पहिले काही आठवडे असंच, बोटांच्या टोकांनी चाललं. ती दाखवायची, मी करायची. संध्याकाळी जावई यायचा. त्याने सफरचंदाच्या बागांत मजुरी केलेली असल्यामुळे त्याला स्पॅनिश चांगलं येई. दिवसभर मनात साठलेले प्रश्न मी त्याला विचारे. तो एकाचं उत्तर देई, बाकीच्यांना ‘बघशील’ म्हणे.

घर ओक आणि पाईनच्या ओंडक्यांचं, वर फळ्यांचं छप्पर. आत तेलाचा पिंप आडवा कापून केलेली शेगडी, तिचा धूर पत्र्याच्या नळीतून बाहेर. जमिनीवर बोकडाचं कातडं आणि दोन जाड लोकरी घोंगड्या, त्या म्हातारीनेच जमिनीवरच्या आडव्या मागावर विणलेल्या. रात्री शेगडीत शेवटचं लाकूड कोणी घालायचं, याचा एक न बोललेला क्रम असतो. मी त्या क्रमात कधी आले ते मला कळलंही नाही. एका रात्री म्हातारीने लाकूड माझ्याकडे सरकवलं, एवढंच.

आता पिनोलेबद्दल, म्हणजे भाजलेल्या मक्याच्या पिठाबद्दल, सविस्तर सांगते, कारण त्या घरात दिवसातला सर्वात मोठा वेळ याच कामात जात होता.

मका आधी भाजायचा. मडक्यात नदीची बारीक वाळू घालून ती चांगली तापवायची, तापली की मूठभर दाणे टाकायचे आणि काडक्यांच्या जुडग्याने सतत हलवत राहायचं. दाणे तडतडतात, फुटतात, पण लाहीसारखे पुरते फुलत नाहीत. रंग बदलला की चाळणीने वाळू खाली, दाणे वर. मग पाटा. हा पाटा जमिनीवर थोडा उतरता ठेवलेला असतो, त्याच्यामागे गुडघे टेकून बसायचं आणि दोन्ही हातांनी वरवंटा पुढे लोटायचा, अंगाचं वजन टाकून. पहिल्या फेरीत दाण्याचे तुकडे, दुसरीत रवा, तिसरीत पीठ. तिसऱ्या फेरीला म्हातारी चिमटीत घेऊन जिभेवर ठेवे. जिभेला खर लागली तर पुन्हा पाट्यावर. हे पीठ पाण्यात कालवून प्यायलं की माणूस अर्धा दिवस डोंगरात चालू शकतो. लांब जाणाऱ्या प्रत्येकाच्या कापडी पिशवीत ते असतंच. मला आधी नुसतं भाजायला मिळालं, पाटा नंतर. म्हातारी शेजारी बसून माझ्या कोपरांकडे बघत असे. कोपर बाहेर गेलं की ती आपल्या बोटाने ते आत ढकले. तिच्या खांद्यांतली ताकद पाहून मी थक्क होई. एवढीशी बाई, पण वरवंट्याचा आवाज पहाटे घळीपलीकडच्या घरात ऐकू जात असे, आणि तिकडचा इकडे.

पेरणी वसंतात झाली. नांगर लाकडी, ओकच्या एकाच वळलेल्या खोडातून तासलेला, फाळ तेवढा लोखंडी. बैल शेजारच्या रँचवरून आणलेले. जावई नांगर धरी, मागून त्याची बायको पावलाने अंतर मोजत तासात दाणे टाकी आणि पायानेच माती ओढी. मक्याच्या मध्येमध्ये घेवडा आणि भोपळा.

माझ्यासारख्या शेतीच्या विद्यार्थिनीला सगळ्यात जास्त शिकवलं ते शेळ्यांनी. त्या मातीत दम नाही. पाईनखालची आंबट, दगडगोट्यांची माती, दरवर्षी पीक घेतलं तर दोन-चार वर्षांत संपून जाईल. म्हणून शेळ्या-मेंढ्यांना शेतात बसवतात. ओंडके एकमेकांत अडकवून केलेलं वाडगं, त्यात रात्री कळप. काही रात्रींनी ओंडके काढायचे आणि पुढच्या चौकोनात पुन्हा उभारायचे. असं करत हिवाळा-वसंतात सगळं शेत लेंड्यांनी भरून निघतं. त्यामुळे शेळी मारून खाणं हे सण-समारंभापुरतं. शेळीचं खरं मोल तिच्या लेंडीत. ज्याच्याकडे शेळ्या नाहीत तो शेळीवाल्याला मागतो, कळप काही रात्री माझ्या शेतात बसव, आणि त्या बदल्यात राखणीला आपलं पोर देतो. बाहेरून आलेल्या कितीतरी योजनांनी इथे युरियाची पोती वाटली. पोतं संपलं की शेत पुन्हा शेळीकडेच येतं.

जून-जुलै हा कठीण काळ. मागच्या वर्षीचा मका तळाला गेलेला, नवा गुडघ्याएवढाही नाही. पाऊस सुरू झाला की रानभाज्या येतात. म्हातारीबरोबर टोपली घेऊन गेले, तर तिने खुडायला दाखवलेल्या पानांत एक माठाच्या कुळातलं, एक चाकवताच्या कुळातलं, आणि एक चक्क मोहरी. मी त्या भाज्या ओळखून तिच्या आधी खुडायला लागले, तेव्हा तिने पहिल्यांदा मला माझ्या आईबद्दल विचारलं. आई काय पेरते, तिच्याकडे शेळ्या किती. भाजी उकडायची, पिळायची, मीठ, आणि दरीतून आलेली चिल्तेपिन, मण्याएवढी रानमिरची, जी एक चावली तरी कानातून वाफ निघते. पाऊस नीट झाला तर हा काळ भाजीवर निघतो. 2011-12 सारख्या दुष्काळात भाजीही येत नाही. त्या वर्षांबद्दल घरात कोणी फारसं बोलत नसे. ज्यांची लहान मुलं गेली त्यांना तर कोणी विचारूही नये.

याच काळात कोरिमा काय असतो ते मी पाहिलं. ज्याच्या घरात मका संपला तो ज्याच्या घरात उरलाय त्याच्याकडे जातो, त्याच ठरावीक अंतरावर बसतो, आणि मागतो. घरातली बाई पिशवीत मका घालून देते. घेणारा ओशाळत नाही, देणारी उपकार केल्यासारखी वागत नाही, परत कधी देणार हा विषयही निघत नाही. आमच्या घरून असा मका गेला, आणि तोही आमच्याच घरात फार नसताना. मी जावयाला विचारलं, की आपल्यालाच पुरेल ना. तो म्हणाला, ‘‘त्याच्या शेतावर गारा पडल्या, आपल्या शेतावर पडल्या नाहीत.’’ हेच लोक चिवावा शहरात जातात, चौकात हात पुढे करून ‘कोरिमा’ म्हणतात, आणि गाडीतली माणसं काच वर करतात. मला हे फार लागलं. ज्या समाजात मागणं हा सन्मानाने वागवायचा व्यवहार आहे, त्यातली बाई सिग्नलवर भिकारी ठरते. गावाकडे तिच्या कोठीत मका असतो तेव्हा तिनेही कोणाला तरी दिलेला असतो.

आणि मग खुरपणी. एका कुटुंबाच्या हातून होण्यासारखं ते काम नाही. मक्याच्या मुळाशी तण काढून मातीची भर लावायची, आणि तीही पावसाने वाफसा दिला त्या मोजक्या दिवसांत. त्यासाठी तेस्ग्विनो, म्हणजे मक्याची बीअर, लागतो.

आपल्याकडे इर्जिक घालायची पद्धत होती. माझ्या आजोबांच्या तोंडून मी तिच्या गोष्टी ऐकल्यात. सगळ्या गावाने एकाच्या शेतात उतरायचं, आणि त्याने शेवटी जेवण घालायचं. आपल्याकडे ट्रॅक्टर आले आणि इर्जिक बहुतेक ठिकाणी आठवणीत गेली. इथे ती अजून शेतीचा कणा आहे, फक्त जेवणाच्या जागी मक्याची बीअर. ती करायला आठवडा, दीड आठवडा लागतो. मका भिजवायचा. जमिनीत खड्डा, त्यात पाईनच्या सुया अंथरायच्या, त्यावर भिजलेला मका, वर पुन्हा सुया, आणि दगड. अंधारात मोड आले पाहिजेत. उजेड लागून ते हिरवे झाले तर पेय कडू होतं. म्हातारी रोज वरच्या सुया बोटभर बाजूला करून आत बघे आणि लगेच झाकी. मोड बोटाच्या पेराएवढे, पांढुरके आणि गोड झाले, की पाटा. दोन दिवस आम्ही तिघी बायका आळीपाळीने दळत होतो. मोडाचा लगदा चिकट असतो, वरवंटा ओढून धरतो. मग मोठ्या मडक्यांत दिवसभर उकळ. उकळून गाळलं की निवायला ठेवायचं, आणि एका रानगवताचं बी वाटून त्यात घालायचं, म्हणजे आंबतं. तेस्ग्विनोची मडकी वेगळी असतात, त्यांत दुसरं काही शिजवत नाहीत. मडकं नीट आंबवायला शिकलेलं असावं लागतं, असं म्हातारीचं म्हणणं. तिचं सगळ्यात जुनं मडकं तिच्या आईचं होतं आणि त्याला हात लावायची परवानगी मला शेवटपर्यंत मिळाली नाही.

जावई घरोघर सांगून आला. पहाटे लोक यायला लागले, कोणी घळ चढून, कोणी दोन डोंगर ओलांडून. पंधरा-वीस माणसं, बायका, पाठीवर पोरं. ओळीने शेतात उतरले. कोणी मुकादम नाही, कोणी कोणाला घाई करत नाही, पण सकाळचं ऊन तापायच्या आत शेताची एक बाजू उरकलेली. मीही कुदळ धरली. दुपारनंतर सगळे अंगणात आले. आधी भोपळ्याच्या तुंब्यातून चार दिशांना तेस्ग्विनो शिंपला, ओनोरुआमेसाठी. त्याच्या आधी कोणीही घोट घेत नाही. मग ज्याच्याकडे वाढायचं काम दिलंय तो एकेकाला तुंबा देत फिरला. पूर्ण तुंबा, एका दमात. नाही म्हणायचं नाही. आंबट, दाट, कोमट, मक्याच्या वासाचा. दोन-तीन दिवसांत तो नासतो, म्हणून साठवून ठेवता येत नाही. तो संपवावाच लागतो, आणि एकट्याने संपत नाही.

जी माणसं एरवी चार शब्द बोलत नव्हती, ती त्या रात्री बोलायला लागली. हसली, रडली, जुन्या तक्रारी निघाल्या, एका जोडप्याचं लग्न ठरल्यात जमा झालं, एका वादात म्हातारीने दोघांना समोरासमोर बसवलं. घरं इतकी लांब, माणसं इतकी आतल्या गाठीची, तर समाज म्हणून ती एकत्र राहतात कशी, याचं उत्तर मला त्या अंगणात मिळालं. मिशनरी, सरकारी अधिकारी आणि बाहेरचे पाहुणे शतकानुशतकं या पिण्याला नावं ठेवत आले. त्यात दारूचे तोटे नाहीत असं मी म्हणणार नाही. मारामाऱ्या होतात, रात्री परतताना कड्यावरून माणसं पडतात. दुकानातली बाटलीबंद दारू आणि बीअर आली तेव्हापासून हे वाढलंय, असं तिथल्याच बायका सांगतात. पण तेस्ग्विनो काढून घेतला तर खुरपणी होणार नाही, पावसासाठीचा नाच होणार नाही, मेलेल्यांना निरोप देता येणार नाही. मेलेल्या पुरुषासाठी असे तीन समारंभ करतात आणि बाईसाठी चार, कारण बाईत एक आत्मा जास्त असतो, असं मानतात. म्हातारीच्या नवऱ्याचे तीनही झाले होते. तो आता पोचला, असं ती अगदी स्वस्थपणे सांगे.

रारामुरी म्हटलं की जगाला धावणं आठवतं. 1993 मध्ये अमेरिकेतल्या लेडव्हिलची 100 मैलांची शर्यत व्हिक्तोरियानो चुरो यांनी 55 व्या वर्षी जिंकली. 2017 मध्ये लोरेना रामिरेझ यांनी घागरा आणि टायरच्या तळव्यांच्या चपला घालून पुएब्लातली 50 किलोमीटरची शर्यत जिंकली. मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण मला भेटणाऱ्या प्रत्येक बाहेरच्या माणसाने पहिला प्रश्न धावण्याचाच विचारावा, याचा कंटाळाही आला. तिथे धावणं हा दोन समुदायांमधला सामना आहे. पुरुष लाकडी चेंडू पायाने उडवत त्याच्यामागे धावतात, रात्र झाली की पाईनच्या मशाली घेऊन. बायका काठीने कडं फेकत. पैजेला कापड, शेळ्या, मका. आणि रोजचं चालणं हे नाइलाजाचं आहे: दवाखाना पाच तासांवर, शाळा तीन तासांवर. आजारी पोर पाठीवर घेऊन रात्री घळ उतरणारी बाई पाहिली, की त्या पायांचं कौतुक करताना जीभ जड होते.

झाडं मोजणाऱ्यांबद्दलचा प्रश्न मी विसरले नव्हते. या डोंगरांतला पाईन शतकभर तोडला गेलाय, कधी कागदोपत्री, कधी रात्री. दुर्गम घळींत अफू आणि गांजा पिकवणाऱ्या टोळ्या आहेत, त्यांना जमीन हवी असते आणि पोरं हवी असतात. कोलोरादास दे ला विर्हेनचे इसिद्रो बाल्देनेग्रो जंगलतोडीविरुद्ध लढले, त्यांना 2005 मध्ये पर्यावरणासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला. जानेवारी 2017 मध्ये त्यांना गोळ्या घालून मारलं. त्यांच्या वडिलांनाही त्याच लढाईत मारलं होतं. जून 2022 मध्ये सेरोकाउईच्या चर्चमध्ये हावियेर काम्पोस आणि होआकिन मोरा या दोन वृद्ध जेझुइट धर्मगुरूंचा खून झाला. आयुष्यभर ते या लोकांमध्ये राहिले होते. आमच्या घरात यावर चर्चा होत नसे. जावई सकाळी एवढंच सांगे, की आज वरच्या वाटेने जाऊ नकोस. मी कधी कारण विचारलं नाही आणि कधी गेले नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात कणसं वाळली. तोडणी शांतपणे झाली. कोठी ही ओंडक्यांची, दगडांवर उचललेली, फटी मातीने लिंपलेली; उंदीर शिरू नये इतकी घट्ट. कणसं आत जायच्या आधी म्हातारी आणि तिची मुलगी अंगणात बसल्या आणि बियाणं निवडायला लागल्या. कणीस हातात घ्यायचं, रांगा सरळ आहेत का बघायच्या, टोकापर्यंत दाणा भरलाय का, बुडखा कसा आहे. निवडलेल्या कणसाचं टोक आणि बूड सोडून मधलेच दाणे बियाण्याला. निळा वेगळा, पांढरा वेगळा, आपाचितो वेगळा. मी शेजारी बसून लिहीत होते. हे सगळं अकोल्यात पाहिलेलं होतं, आणि तरी प्रत्येक कणसाला म्हातारी कारण वेगळं देत होती: हे वारं सोसेल, हे उशिरा पाऊस आला तरी चालेल, हे तेस्ग्विनोला चांगलं.

लवकरच पाण्यावर बर्फ धरायला लागलं आणि म्हातारी शेळ्या घेऊन दरीत उतरली. खाली, निम्म्या उतारावर, कड्याच्या पोटातली गुहा हे तिचं हिवाळ्याचं घर. पुढे दगडांची बुटकी भिंत, आत चूल, वर शतकांच्या धुराने काळं झालेलं छत. वर थंडीने बोटं फुटत असताना तिथे दुपारी ऊबदार वाटे. वरची कोठी बंद, वरच्या घराला कडी नाही.

जायच्या आधी मला रविवारच्या सभेसमोर पुन्हा उभं राहायचं होतं. मला प्रत्येक वाणाचे नमुने हवे होते, बियाणं बँकेसाठी. कागद तयार होते. 2014 पासून लागू असलेला नागोया करार म्हणतो, की स्थानिक समुदायाची आगाऊ संमती घ्यावी आणि लाभात वाटा द्यावा. मी ते सगळं प्रामाणिकपणे समजावून सांगितलं. शिक्षकांनी भाषांतर केलं. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग बायकांच्या बाजूने प्रश्न आला, की तिकडे ते बी दरवर्षी पेरणार का? मी सांगितलं, नाही, थंड पेटीत ठेवणार, काही वर्षांनी थोडं पेरून बघणार. मग म्हातारी उठली. तिने जे सांगितलं त्याचा सारांश असा, की न पेरलेलं बी आपलं काम विसरतं. ज्याला पेरायचंय त्याने यावं, बसावं, मागावं, आम्ही देऊ.

संशोधकांना यातला तांत्रिक भाग मान्य होणार नाही, हे मला ठाऊक आहे. बियाणं बँका कितीतरी वाण वाचवतात. तरी बी त्यांचं आहे आणि निर्णयही त्यांचा. नमुने न घेता परतण्याबद्दल मला संस्थेत बरंच ऐकून घ्यावं लागलं. मी माझ्या म्हणण्यावर ठाम राहिले आणि आजही आहे.

नोंदी मात्र त्यांनी नेऊ दिल्या. आधी त्या सभेत वाचून दाखवायला लावल्या. त्यातली झऱ्यांची नावं, शेतांच्या जागा आणि गुहेकडे जाणारी वाट एवढं खोडायला सांगितलं. मी तिथेच बसून खोडलं. म्हणून या लेखातही त्या वस्तीचं नाव आलेलं नाही.